‘आता उशीर झाला’ : एका समजुतीचा साठ वर्षांचा मागोवा

जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेले मूल आठव्या-दहाव्या वर्षी डॉक्टरांपुढे आले, की आईबापांना कित्येक दशके एकच उत्तर मिळत आले : आता उशीर झाला. शस्त्रक्रिया करता येईल, डोळा स्वच्छही होईल. पण मेंदूचे पाहायला शिकण्याचे वय उलटून गेले, मग पोराला उगाच त्रास कशाला द्यायचा? असे सांगणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांच्या मागे विसाव्या शतकातील मेंदूविज्ञानाचे अतिशय भक्कम प्रयोग उभे होते आणि त्या प्रयोगांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते. तरीही ते उत्तर अर्धेच खरे होते, हे आज पुराव्यानिशी म्हणता येते. १९६३ पासूनच्या साठ वर्षांत ही समजूत कशी घडली, कुठे गरजेपेक्षा जास्त ताणली गेली आणि कशी उसवत गेली, हे नीट पाहायला हवे, कारण तिच्या दोन्ही टोकांना मुले आहेत. एका टोकाला उशीर झाला म्हणून परत पाठवलेली, दुसऱ्या टोकाला ‘मोठे झाल्यावर बघू’ म्हणून थांबवून ठेवलेली. माझे म्हणणे असे, की हाती आलेला पुरावा या दोन्ही वागण्यांच्या विरुद्ध जातो.

आपण डोळ्यांनी पाहतो ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट. प्रत्यक्षात डोळा फक्त प्रकाशाची नोंद घेतो. दृष्टिपटलावर मंद प्रकाशात काम करणाऱ्या सुमारे बारा कोटी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे साठ लाख पेशी असतात. पण त्यांचा सगळा हिशेब मेंदूकडे नेणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे डोळ्यातच निवड सुरू होते. तिथून निघालेले संकेत मेंदूच्या मध्यभागी एक थांबा घेऊन डोक्याच्या मागच्या बाजूला, प्राथमिक दृष्टिकेंद्रात पोचतात आणि पुढे तीसएक वेगवेगळ्या भागांत वाटले जातात : कुठे हालचाल, कुठे रंग, कुठे चेहरा, कुठे वस्तू कुठल्या दिशेला आहे याचा हिशेब. या प्राथमिक केंद्रातील पेशींना नेमके काय हवे असते, ते १९५८ पर्यंत कोणाला माहीत नव्हते. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन तरुण संशोधक मांजराच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत्‌संकेत ऐकत बसले होते. काळा ठिपका असलेली काचेची पट्टी प्रक्षेपकात सरकवून ते मांजराला ठिपके दाखवत होते. पेशी गप्प होती. मग पट्टी आत सरकवताना तिच्या कडेची बारीक सावली पडद्यावरून एका विशिष्ट कोनात सरकली आणि ध्वनिक्षेपकातून एकदम तडतडाट सुरू झाला. पेशीला ठिपक्यात रस नव्हता. तिला तिरकी, सरकणारी रेघ हवी होती. शेजारच्या पेशीला थोड्या वेगळ्या कोनातली रेघ हवी होती. मेंदूतील दृष्टीचे काम अशा रेघांपासून सुरू होते, हे त्यातून पहिल्यांदा कळले.

पुढचा प्रश्न साहजिकच होता : ही रचना जन्मतःच तयार असते, की पाहता पाहता घडते? हार्वर्डला गेल्यावर दोघांनी मांजरीच्या नवजात पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवल्या आणि काही महिन्यांनी त्या उघडल्या. डोळा ठणठणीत होता, दृष्टिपटल निरोगी होते. पण मेंदूतील पेशी त्या डोळ्याकडून आलेल्या संकेताला जवळजवळ दाद देईनाशा झाल्या होत्या. त्यांची जागा दुसऱ्या, उघड्या डोळ्याने घेतली होती. १९६३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये त्यांनी काळही ठरवून दिला. पिल्लांमध्ये हा धोका चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला अचानक जागा होतो, सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत फार तीव्र असतो आणि तिसरा महिना संपता संपता नाहीसा होतो. प्रौढ मांजराचा डोळा वर्षभराहून अधिक काळ बंद ठेवूनही मेंदूत काही फरक दिसला नाही. यालाच पुढे दृष्टीचा ‘निर्णायक कालखंड’ म्हटले गेले. १९८१ मध्ये रॉजर स्पेरी यांच्यासोबत या दोघांना नोबेल मिळाले. या कामाचा उपकार केवढा मोठा आहे, ते आधी स्पष्ट सांगायला हवे. बाळाचा मोतीबिंदू आठवड्यांच्या हिशेबात काढायचा, तिरळ्या डोळ्यावर उपचार लहानपणीच करायचे, ही आजची पद्धत या प्रयोगांमुळे रुजली. जगभरच्या असंख्य मुलांची दृष्टी त्यामुळे वाचली.

अडचण निर्माण झाली ती निष्कर्ष प्रयोगाच्या मर्यादेबाहेर नेल्यामुळे. पापण्या शिवलेला डोळा मेंदूत हरला, तो दुसरा डोळा उघडा होता म्हणून. दोघांत जागेसाठी चढाओढ होती. दोन्ही डोळे बंद ठेवले तर काय होते, हेही ह्यूबेल आणि वीझल यांनी तपासले होते. १९६५ मध्येच त्यांनी लिहिले, की दोन्ही डोळे बंद ठेवल्यावरचे नुकसान, एका डोळ्याच्या प्रयोगावरून वाटावे त्यापेक्षा बरेच कमी आहे. दोन्ही डोळे मिटलेल्या पिल्लांच्या मेंदूतील पुष्कळ पेशी अजूनही प्रकाशाला प्रतिसाद देत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या मुलाची परिस्थिती या दुसऱ्या प्रयोगाशी जुळते. पाठ्यपुस्तकांत मात्र पहिला प्रयोग मुख्य झाला. शिवाय मांजराचे तीन महिने माणसाच्या आयुष्यात किती वर्षांचे होतात, हे त्या प्रयोगांतून ठरत नव्हते. पेशींचा प्रतिसाद मंदावणे वेगळे आणि एखादे मूल चेहरे, चेंडू, उंबरठा ओळखू न शकणे वेगळे, हा फरकही हळूहळू पुसट झाला.

त्यात माणसांच्या जुन्या नोंदींनी भर घातली. लंडनचे शल्यविशारद विल्यम चेझेल्डन यांनी १७२८ मध्ये तेराएक वर्षांच्या एका मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. मोतीबिंदू काढल्यावर त्याला सुरुवातीला सगळ्या वस्तू डोळ्यांना येऊन टेकल्यासारख्या वाटत आणि नुसते पाहून त्याला कशाचाच आकार ओळखता येत नसे. पण सर्वांत खोल ठसा उमटवला तो १९५८-५९ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्नियारोपण झालेल्या बावन्न वर्षांच्या गृहस्थाने. वैज्ञानिक साहित्यात त्यांना ‘एस. बी.’ म्हणतात. दहा महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली होती. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास १९६३ मध्ये, म्हणजे मांजरांच्या प्रयोगांच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर एस. बी. खिन्न होत गेले, अंधारात बसून राहू लागले आणि दोन वर्षांच्या आत वारले. पुढे हीच कहाणी उशिरा दृष्टी देऊ नये याचा पुरावा म्हणून सांगितली जाऊ लागली.

पण तो अभ्यास मुळातून पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. एस. बी. यांना भिंतीवरचे घड्याळ लगेच वाचता आले, कारण अंधपणी ते बिनकाचेच्या घड्याळाचे काटे चाचपून वेळ सांगत. इंग्रजी मोठी अक्षरे त्यांना पाहताक्षणी ओळखता आली, कारण अंधशाळेत ती कोरीव ठोकळ्यांवर शिकवली होती. लहान अक्षरे शिकवली नव्हती, ती ओळखता येईनात. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यांना लेथ मशीन दाखवले. अवजारांची त्यांना मनापासून आवड होती. पण काचेच्या पेटीतले ते यंत्र पाहून त्यांना काही उमगेना. पेटी उघडल्यावर त्यांनी डोळे मिटले, यंत्रावरून बराच वेळ हात फिरवला, मग मागे सरून डोळे उघडले आणि हाताला लागले तेव्हा आता दिसते, अशा अर्थाचे उद्गार काढले. स्पर्शातून मिळवलेले ज्ञान बावन्नाव्या वर्षी डोळ्यांच्या कामी येत होते. जिथे आधीची काही ओळखच नव्हती तिथेच मेंदू अडत होता. त्यांच्या खिन्नतेचे कारणही फक्त मेंदूत शोधणे बरोबर नाही. अंध म्हणून कर्तबगार ठरलेला माणूस डोळस झाल्यावर एकाएकी कमी पडू लागला आणि त्याला पद्धतशीर पाहायला शिकवणारे कोणी नव्हते. ‘मेंदू शिकू शकत नाही’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. ‘नुसती शस्त्रक्रिया पुरत नाही’ असा मात्र जरूर निघतो.

या समजुतीची पद्धतशीर तपासणी व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले आणि ती भारतात झाली, याचे कारण अभिमानाचे नाही. श्रीमंत देशांत जन्मजात मोतीबिंदू काही आठवड्यांत काढला जातो. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्याच्यासह जगणारी मुले तिथे जवळपास सापडत नाहीत. आपल्याकडे सापडतात. दिल्लीत शिकून पुढे अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक झालेले पवन सिन्हा यांनी दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या साथीने ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. उत्तर भारतातील खेड्यांतून अशी मुले शोधायची, त्यांच्यावर मोफत उपचार करायचे आणि ती पाहायला कशी शिकतात हे अभ्यासायचे, असे दुहेरी काम. त्यांचा पहिला ठळक निष्कर्ष २००६ मध्ये आला. मोतीबिंदू घेऊनच जन्मलेल्या एका स्त्रीची शस्त्रक्रिया वयाच्या बाराव्या वर्षी झाली होती. वीस वर्षांनी, बत्तिसाव्या वर्षी, तिची तपासणी झाली. दृष्टीची तीक्ष्णता कमीच राहिली होती; डोळस माणूस दोनशे फुटांवरून वाचतो ते अक्षर तिला वीस फुटांवरून वाचावे लागे. तरी वस्तू, चेहरे, आकार ओळखण्याच्या बहुतेक कसोट्यांत ती उत्तीर्ण झाली. पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे हे घडायला नको होते.

मूल पाहायला शिकते म्हणजे नेमके काय शिकते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन व्यक्तींच्या अभ्यासातून उलगडले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यांच्यातला एकोणतीस वर्षांचा तरुण जन्मतःच भिंगाविना होता आणि त्याला शस्त्रक्रियेचीही गरज पडली नाही. जाड चष्म्यानेच त्याला पहिल्यांदा स्पष्ट प्रतिमा मिळाली. त्याला एक वर्तुळ आणि एक चौकोन शेजारी शेजारी दाखवले तर दोन्ही बरोबर सांगता येत. तेच वर्तुळ चौकोनावर थोडे चढवले, की त्याला दोनऐवजी तीन वस्तू दिसत, कारण जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथला लहानसा तुकडाही तो स्वतंत्र वस्तू म्हणून मोजे. छायाचित्रात चेंडूवर सावली पडली असेल तर सावलीचा काळा पट्टा त्याला वेगळा पदार्थ वाटे. गायीच्या अंगावरचे रंगाचे पट्टे म्हणजे गाय नव्हती, अनेक सुटे तुकडे होते. म्हणजे डोळ्यांत प्रकाश पोचत होता, रेघा आणि रंगही पोचत होते. कुठले तुकडे एकाच वस्तूचे, हे ठरवण्याची रीत मेंदूकडे नव्हती. मग संशोधकांनी एकच बदल केला : चित्र हलवले. वर्तुळ एकीकडे, चौकोन दुसरीकडे सरकू लागला आणि त्याच माणसाला ताबडतोब दोन वस्तू दिसू लागल्या. जे एकत्र हलते ते एकाच वस्तूचे, हा नियम त्याच्या मेंदूला कोणी शिकवावा लागला नाही. वर्ष-दीड वर्षात स्थिर चित्रांतल्या वस्तूही तिघांना बऱ्याच प्रमाणात वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. सिन्हा यांचे म्हणणे असे, की हालचालीमुळे मेंदूला वस्तूची सीमा आधी कळते आणि त्या आधारावर रंग, सावली, रेघ यांचा अर्थ तो हळूहळू लावतो. एकोणतिसाव्या वर्षीही ही पायरी चढता येते, हे यातून सिद्ध झाले.

याच प्रकल्पातून तीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नाला प्रायोगिक उत्तर मिळाले. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारले होते : गोळा आणि घन हाताने ओळखणारा जन्मांध एकाएकी डोळस झाला, तर न चाचपता नुसते पाहून त्याला कुठला कोणता हे सांगता येईल का? २०११ मध्ये आठ ते सतरा वयाच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत चाचणी झाली. चाचपलेला ठोकळा पुन्हा चाचपून ओळखण्यात ती ९८ टक्के बरोबर होती, पाहिलेला पुन्हा पाहून ओळखण्यात ९२ टक्के. पण चाचपलेला पाहून ओळखण्यात फक्त ५८ टक्के, म्हणजे नाणे उडवून मिळावे तेवढेच यश. उत्तर ‘नाही’ असे आले. मात्र ज्यांची काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेता आली त्यांनी चांगलीच मजल मारली होती. महिन्यांची, वर्षांची गरज पडली नाही. २०१५ मध्ये उलट दिशेचा धक्का बसला. बाणाच्या टोकांमुळे सारख्याच लांबीच्या रेघा लहान-मोठ्या भासतात, हा दृष्टिभ्रम वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून तयार होतो असे मानले जात होते. आठ ते सोळा वयाची नऊ मुले शस्त्रक्रियेनंतर लगेचच त्याला बळी पडली. म्हणजे काही गोष्टी अनुभवाविनाही मेंदूत तयार असतात आणि वर्षानुवर्षांच्या अंधत्वातही टिकून राहतात.

यावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला : ही मुले संख्येने थोडी आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना आधी प्रकाश आणि थोडीफार हालचाल जाणवत होती; पूर्ण अंधारातल्या मुलाबद्दल यातून काही ठरत नाही. हे खरे आहे. मोतीबिंदू प्रकाश अडवत नाही, आकार अडवतो, आणि ज्यांचे दृष्टिपटल किंवा दृष्टिचेता मुळातच निकामी आहे त्यांना हे निष्कर्ष लावता येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : या मुलांची दृष्टी कधीच सामान्य होत नाही. तोही खराच. २०१४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या अकरा जणांची फिक्या-गडद रेघा ओळखण्याची क्षमता मोजली गेली. अकरापैकी पाच जणांत लक्षणीय सुधारणा झाली, बाकीच्यांत तेवढी झाली नाही. कॅनडात डॅफ्नी मॉरर आणि सहकाऱ्यांनी तर दाखवून दिले आहे, की अवघ्या दोन ते सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया झालेल्या बाळांनाही नऊहून अधिक वर्षांनंतर, डोळे-नाक-ओठ यांच्यातील अंतरांवरून चेहऱ्यांतला बारीक फरक ओळखणे जड जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसोबत काम करणाऱ्या जर्मनीच्या ब्रिगिटे रोडर यांच्या गटालाही उशिरा दृष्टी मिळालेल्यांच्या मेंदूत चेहऱ्यासाठी उमटणारा खास विद्युत्‌संकेत आढळला नाही. चेहरा असो की वस्तू, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद सारखाच होता.

पण या आक्षेपांनी सिद्ध काय होते? दृष्टी ही एकच क्षमता नाही, एवढेच. बारीक अक्षर वाचणे, चेहऱ्यातला सूक्ष्म भेद टिपणे, गर्दीतून वाट काढणे, भांड्यातले पाणी किती हे पाहणे, ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी आहे. तीक्ष्णतेची मुदत फार लवकर आवळत जाते. चेहऱ्याच्या बारकाव्याची त्याहूनही लवकर, अगदी पहिल्या महिन्यांत. वस्तू सुट्या करून ओळखण्याची, दोन इंद्रियांची माहिती जुळवण्याची मुदत तिशीपर्यंतही उघडी राहू शकते. आठव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले मूल पुस्तकातले बारीक अक्षर कदाचित कधीच वाचणार नाही. पण ते रस्त्यावरची गाडी पाहील, ताटातला घास पाहील, आईला ओळखेल आणि शाळेत मोठ्या अक्षरांची पुस्तके वाचेल. सामान्य दृष्टीच्या मापाने हे कमी भरते. अंधत्वाच्या मापाने फार भरते. उपचार द्यायचा की नाही हे ठरवताना दुसरे माप लावायला हवे, पहिले नाही.

मुदत अशी का आवळते, याचेही थोडे उत्तर आता मिळाले आहे, आणि ते या समजुतीला आणखी कमजोर करते. शास्त्रज्ञ ताकाओ हेन्श आणि इतरांनी उंदरांवर केलेल्या कामातून दिसले, की मेंदूतील प्रतिबंधक चेतापेशी पक्व होतात तेव्हा हा कालखंड सुरू होतो. पुढे त्या पेशींभोवती विणल्या जाणाऱ्या रेणूंच्या जाळ्या आणि इतर काही घटक त्याला आवर घालतात. २००२ मध्ये इटलीत पिझोरुसो, माफेई आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूतील या जाळ्या एका विकराने विरघळवल्या, तेव्हा लहानपणीची लवचीकता परत दिसली. म्हणजे क्षमता मरत नाही, तिला लगाम घातला जातो. असा उपाय माणसांवर करण्याची वेळ आलेली नाही, पण ‘वय उलटले, विषय संपला’ हे म्हणणे जीवशास्त्राच्या पातळीवरही टिकत नाही. दवाखान्यातही तेच दिसते. आळशी डोळ्यावर, म्हणजे मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो त्या डोळ्यावर, वयाच्या सात वर्षांनंतर उपचार व्यर्थ असे मानले जाई. २००५ मध्ये सात ते सतरा वयाच्या ५०७ मुलांच्या अमेरिकेतील चाचणीत सात ते बारा वयोगटातील ५३ टक्के मुलांना चष्म्यासोबत चांगला डोळा झाकणे आणि सराव यांनी ठोस फायदा झाला, नुसत्या चष्म्याने २५ टक्क्यांना. तेरा ते सतरा वयात, ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यात हे आकडे ४७ आणि २० होते.

मोठेपणी दृष्टी गेलेल्यांची, म्हणजे पक्षाघाताने किंवा जखमेने मेंदूचा मागचा भाग निकामी झालेल्यांची कहाणी याला समांतर जाते. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासताना जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्येच नोंदवले होते, की दृष्टिक्षेत्राच्या अंध भागातही काहींना हालचाल जाणवते. त्या काळचे मोठे तज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी ते मानले नाही आणि विषय पन्नासेक वर्षे मागे पडला. १९७४ मध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांच्या गटाने ‘डी. बी.’ या रुग्णाचा अभ्यास मांडला. अंध बाजूला काही दिसत नाही असे तो सांगे, पण अंदाजाने बोट दाखवायला लावले तर प्रकाश बरोबर जिथे होता तिथेच बोट नेई. प्राथमिक केंद्राला वळसा घालणाऱ्या वाटा मेंदूत असतात. त्यांचा सरावाने उपयोग करता येईल का, हा पुढचा प्रश्न. इथे मात्र उत्साहाला आवर घालायला हवा. १९९८ मध्ये जर्मनीतून संगणकावरच्या रोजच्या सरावाने दृष्टिक्षेत्र काही अंशांनी वाढल्याचे जाहीर झाले. २००५ मध्ये दुसऱ्या गटाने डोळ्याच्या हालचालीवर काटेकोर लक्ष ठेवून मोजले तेव्हा ती वाढ दिसली नाही; रुग्ण नकळत डोळे हलवत असावेत, असा अर्थ निघाला. अमेरिकेतील क्रिस्टल हक्सलिन यांनी मग डोळ्यांच्या हालचालीवर काटेकोर नजर ठेवून प्रयोग केले. सराव दिलेल्या जागी अंध भागातही हालचालीची दिशा ओळखता येऊ लागते, असे त्यांना आढळले. आणि पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत सराव सुरू केला तर सुधारणा जास्त वेगाने होते. प्रौढ मेंदूलाही पूर्ण बंद होणारे दार नाही, पण हळूहळू आवळत जाणारी मुदत आहे. बालपणीच्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष इथेही लागू पडतो.

आता सर्वांत धोकादायक आक्षेप, जो संशोधकांकडून नव्हे, घरातून येतो : उशिरा उपचार करूनही एवढे मिळते, मग घाई कशाला? याचे उत्तर मॉरर यांच्या बाळांनी दिलेच आहे. दोन महिन्यांचा उशीरही चेहरे ओळखण्यात वर्षानुवर्षे टिकणारी वजावट करून जातो. पण त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात याची दुसरी बाजूही आहे. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले, की मोतीबिंदू काढून भिंग बसवल्यावर बाळाची तीक्ष्णता पाहण्याच्या पहिल्या तासाभरातच मोजता येईल इतकी वाढते. मेंदू वाट पाहत असतो. अलीकडे सिन्हा यांच्या गटाने आणखी एक शक्यता मांडली आहे. नवजात बाळाला सुरुवातीला अंधुक आणि रंग जवळजवळ नसलेले जग दिसते. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांना पहिल्याच दिवशी त्या मानाने पक्व दृष्टिपटलातून एकदम रंगीत आणि जास्त तीक्ष्ण जग मिळते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांसमोरच्या चित्रांतला रंग काढून घेतल्यावर त्यांची ओळख ढासळली, डोळस मुलांची ढासळली नाही. अंधुकपासून स्पष्टाकडे जाण्याचा निसर्गाचा क्रमच शिकण्याला मदत करत असेल, तर तो क्रम फक्त वेळेवरच मिळू शकतो. उशिरा जे मिळते ते मौल्यवान आहे, पण वेळेवर मिळणाऱ्याची बरोबरी ते करत नाही.

या साठ वर्षांतून आपल्या हाती येणारी गोष्ट प्रयोगशाळेपेक्षा गावपातळीची जास्त आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून झाली. त्यात तपासायच्या तीस आजारांत जन्मजात मोतीबिंदू आहे. प्रसूतीच्या ठिकाणी बाळाची तपासणी, आशा कार्यकर्तीच्या घरभेटी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाची फेरी, पुढे उपचारासाठी पाठवणी, अशी यंत्रणा कागदावर आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही उभी आहे. तिचा उपयोग व्हायचा तर घरच्यांनी काय पाहायचे हे माहीत असावे लागते. बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, डोळे एकसारखे थरथरत राहिले, किंवा दोन-तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्याकडे बघत नसेल, तर वाट पाहू नका. मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत व्हावी, असे बालनेत्रतज्ज्ञ सांगतात. त्यानंतर चष्मा किंवा भिंग आणि सराव वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. आणि शेजारच्या घरात, वाडीवस्तीवर दहा-बारा वर्षांचे असे मूल असेल, ज्याला कोणी कधीतरी ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून परत पाठवले असेल, तर त्याला बालनेत्रतज्ज्ञाकडे पुन्हा एकदा घेऊन जा. दृष्टिपटल आणि दृष्टिचेता शाबूत आहेत की नाहीत, हे तपासल्याशिवाय त्याला नाही म्हणण्याचा आधार आता कोणाकडे उरलेला नाही.